निशाणी डावा अंगठा

अहिल्यानगर,
६ जानेवारी २०२५

आत्या, जयभीम.

तब्येत विचारत नाही. तू दर वेळी "बरी हाय" एवढंच लिहितेस आणि त्यातून मला काही कळत नाही.

हे पाकीट मी छापखान्यातून टाकतेय. फोनवरचे आवाज माझ्या कानात टोचतात हे तुला माहीत आहे. मेसेज केला तर सम्राटदादा वाचतो. मोबाईल त्यानंच घेऊन दिलाय आणि तो उघडायचा आकडाही त्याच्याकडे आहे. तेव्हा उत्तर छापखान्याच्या पत्त्यावरच पाठव. इथे मी मुद्रितं तपासते आणि माझ्या टेबलावरच्या वस्तूंना कोणी हात लावत नाही.

झालं असं. मला छापखान्याजवळच्या महिला वसतिगृहात खोली घ्यायचीय. तिथे कागदपत्रं मागितली, म्हणून ऑटिझमचं सरकारी कार्ड नवीन करायला गेले. खिडकीवरच्या बाईंनी माझं नाव टाकलं, पडद्याकडे पाहिलं आणि मग माझ्या पाठीमागे पाहिलं. "पालक कुठेत?" मी म्हणाले, आईवडील वारले, थोरला भाऊ सम्राट आहे, मी एकतीस वर्षांची आहे. त्या म्हणाल्या, "तसे नव्हेत, कायदेशीर पालक. तुमची सही चालत नाही."

मी फाईलची नक्कल मागितली. अकरा दिवसांनी मिळाली. २०१७ सालापासून सम्राटदादा माझा कायदेशीर पालक आहे. खोली घ्यायची, नोकरी बदलायची, लग्न करायचं, काहीही असो, माझ्या "हो"ला किंमत नाही. त्यानं "हो" म्हटलं तरच ते "हो". त्या फाईलमध्ये एका बाईचं वर्णन आहे, ते जसंच्या तसं उतरवते: "सदर महिला समक्ष पाहिली. बोलत नाही. नाव घेतले असता वळून पाहत नाही. दाराकडे तोंड करून बसून होती व बोटांनी वाजवत होती. स्वतःचे हित-अहित समजत नाही."

आत्या, या बाईचं नाव प्रज्ञा सहादू भिंगारदिवे आहे. जन्मतारीख माझी आहे. फोटोही माझाच चिकटवलाय. पण ही मी नाही.

खाली "निशाणी डावा अंगठा" लिहिलंय आणि वर निळा ठसा आहे. मी तो भिंगाखाली पाहिला. नऊ वर्षांची असताना विळीवर माझा डावा अंगठा कापला होता, त्यावर तूच हळद दाबली होतीस. तो व्रण आडवा आहे. मी अठरा वेळा शाईत अंगठा बुडवून पाहिला, अठराही वेळा व्रण उमटला. फाईलमधल्या ठशात तो नाही. तिथे सगळ्या रेषा सलग आहेत.

दादाला विचारलं. तो अगदी शांतपणे म्हणाला, "तू तेव्हा तापात होतीस, तुला आठवत नाही." तो इतक्या शांतपणे म्हणाला की मला भीती वाटली. माझ्या आतच दुसरी कोणी असेल, ती कधी येऊन बसते, अंगठा देते आणि जाते, असं काल दिवसभर वाटत होतं. मी आरशासमोर बराच वेळ उभी राहिले. तुला काही माहीत असेल तर लिही.

प्रज्ञा

---

घोडेगाव, वस्तीवरून
१४ जानेवारी

प्रज्ञे, बाय,

जयभीम. पत्र पोचलं. आगं काय गं तुझं हे, जुनंपानं उकरीत बसायचं! सम्राटनं केलं ते तुझ्या भल्यासाठी केलं आसंल. आई गेल्यावर त्या पोरानं तुला फुलासारखं जपलं, ते इसरलीस व्हय? तेव्हा तुला लई ताप हुता. तापात मानसाला काय आठवतं?

अंगठ्याचं म्हनशील तर शाई कमी-जास्त लागती. त्यात काय बघायचं भिंग लावून? तेवढी नक्कल जाळून टाक, नसतं डोक्यात घेऊ नको. खोलीचं मी सम्राटला सांगते, तो न्हाई म्हनायचा न्हाई.

आज संक्रांत. तीळगूळ करून ठिवलाय. सम्राट आला की देईन. तू येऊ नको, हितं बाजाराच्या दिवशी जनावरांच्या गाड्याच गाड्या येत्यात, धुराळा, भोंगे, तुला न्हाई सोसायचं.

तुझी आत्या भागिरथी

---

अहिल्यानगर,
२० जानेवारी

आत्या,

मला ताप २०१७ च्या ऑगस्टमध्ये आला होता, टायफॉईड, नऊ दिवस. फाईलमधली तारीख २१ मार्च आहे. त्या दिवशी मी छापखान्यात होते. जयंतीच्या मिरवणुकीची पत्रिका तपासत होते, तिच्यात "अभिवादन" दोन ठिकाणी चुकलं होतं. माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे.

आणि शाई कमी लागली तर ठसा पुसट येतो, व्रण पुसला जात नाही. तू मला हे सांगू नकोस, मी शाईच्या वासात दहा वर्षं बसलेय.

अजून एक गोष्ट पहिल्या वाचनात सुटली होती. भेटीचं ठिकाण लिहिलंय: "वस्ती, घोडेगाव शिवार. सदर महिला सध्या आत्याकडे राहते." म्हणजे अधिकारी तुझ्या घरी आले होते. त्यांनी तुझ्या घरात कोणाला पाहिलं?

मी पालकत्व रद्द करायचा अर्ज दिलाय. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्याच्या तेराव्या कलमात म्हटलंय की आमच्यासारख्यांनाही कायद्यापुढे इतरांइतकंच माणूस धरायचं. सुनावणी २४ फेब्रुवारीला कलेक्टर कचेरीत, पालक नेमणाऱ्या कमिटीपुढे आहे. दादाचा वकील म्हणतो, कागद बोलतोय, मुलीला आज चार वाक्यं पढवून आणली असतील. त्या दिवशी तुझ्याकडे कोणाला पाहिलं एवढंच तू येऊन सांगायचंस. नाही सांगितलंस तर जन्मभर मी ती फाईलमधली बाई राहीन.

नक्कल जाळणार नाही. तीन प्रती काढल्यात.

प्रज्ञा

---

घोडेगाव
२८ जानेवारी

प्रज्ञा,

मी येनार न्हाई. गुडघा धरलाय. कचेरीची पायरी मला चढवत न्हाई. मला काय ठावं न्हाई आन जे ठावं न्हाई ते मी कसं सांगू. तू पन हिकडं येऊ नको. पाया पडते.

आत्या

---

अहिल्यानगर,
३ फेब्रुवारी

आत्या,

आजवर तू माझ्या कधी पाया पडली नव्हतीस. म्हणून मी आले.

काल सकाळच्या बसनं आले. कानात कापूस आणि वर रुमाल. फाट्यावरून वस्तीपर्यंत चालत, दोन हजार एकशे चाळीस पावलं. तुझ्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या वस्तीवरचे आबासाहेब म्हणाले, आत्या घोडेगावात दळणाला गेल्यात. मग मला नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही आतल्या पोरीसारख्याच दिसता की." मी विचारलं, कोणती आतली पोरगी? ते विहिरीवरची मोटार चालू करायला निघून गेले.

मी घराला वळसा घातला. मागे पत्र्याची कोठी आहे, बाहेरून कडी, कडीत अडकवलेला बोल्ट. दुपारचे बारा वाजले होते. ऊन इतकं होतं की पत्र्याकडे बघवत नव्हतं. आतून गुणगुण येत होती. एकच सूर, खाली-वर न होणारा. आत्या, तो सूर मी काढते. छापखान्यात फार आवाज झाला की मी तो नाकातून काढते. मी तो कोणाकडून शिकले नाही, कोणाला शिकवलाही नाही, आणि तो तुझ्या कोठीतून येत होता.

पळून जावंसं वाटलं. पण मी पत्र्यावर बोटानं तीनदा वाजवलं. गुणगुण थांबली. मग आतून तीनदा वाजलं. मी पाचदा वाजवलं. आतून पाचदा. मग मी थांबले, तर आतून सातदा वाजलं, आणि ते माझ्या उत्तराची वाट बघणं होतं.

मी सातदा वाजवलं आणि फाट्याकडे धावत सुटले.

तुझ्या कोठीत कोण आहे?

प्रज्ञा

---

घोडेगाव
७ फेब्रुवारी

प्रज्ञे,

शेळी हुती. व्यालीय, म्हनून कोंडलीय. शिंगं आपटती पत्र्यावर. आबासाहेब म्हातारा झाला, त्याला दिसत न्हाई धड.

आत्या

---

अहिल्यानगर,
१० फेब्रुवारी

आत्या,

शेळी पाच मोजत नाही.

तुला एक मुलगी होती. निकिता. माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. बोलत नव्हती, भिंतीला पाठ लावून डुलत होती. मग तू सांगितलंस की तिला नाशिकच्या निवासी शाळेत घातलंय. दर दिवाळीत मी विचारायचे, निकिता कशी आहे? तू म्हणायचीस, बरी हाय. शाळा अठराव्या वर्षी संपते. ती आता सत्तावीसची आहे. मी नीट मोजलं असतं तर हा प्रश्न मी नऊ वर्षांपूर्वीच विचारला असता. तो माझा दोष आहे.

बाकीचा कोणाचा, ते तू लिही. आता खरं लिही.

प्रज्ञा

---

घोडेगाव
१७ फेब्रुवारी

प्रज्ञे, माझ्या बाई,

चार कागद फाडले. हा पाचवा.

निकिता हाय. नाशिकला कधीच न्हवती. न्हेली हुती मी, त्यांनी आठ दिसांत माघारी धाडली. म्हनले, हिला शी-शूचं कळत न्हाई, दुसऱ्या पोरांना बिघडवील. बाप तर आधीच निघून गेल्ता. लोकांनी काय म्हनावं, म्हनून मी नाशिकचंच सांगत ऱ्हायले. एकदा सांगितलं आन मग माघारी फिरता येईना. मी रानात गेले की ती हायवेला जायाची, दोनदा टायराखाली जाता वाचली. म्हनून कडी. मारत न्हाई मी तिला. माझ्या हातानं जेवू घालते, केस इंचरते, तेल लावते. पन कोंडते.

त्या साली तू म्हनलीस, मी पुन्याला नोकरीला जाते, एकटी. सम्राटची झोपच उडाली. आईला शब्द दिल्ता त्यानं, तुला संभाळीन म्हनून. कुनीतरी सांगितलं, पालकाचा कागद करा म्हंजी तिला कुनी फसवनार न्हाई. पन सायेब बघायला येनार. तुला बघितलं असतं तर तू त्यांना कायदाच शिकवला असतास, कागद झाला नसता. तवा सम्राट माझ्याकडं आला. म्हनला, आत्या, निकिताला दाव.

मी दावली. तुझं नाव सांगून दावली. तिचा अंगठा मीच धरून टेकवला.

मला वाटलं, प्रज्ञे, एका कागदावर दोघी बसतील. मी मेल्यावर हिला कोन? हिचा जल्माचा दाखला न्हाई, रेशनवर नाव न्हाई, आधार न्हाई, कशातच न्हाई. शिरगनतीला मानसं आली तवा मी हिला आत कोंडली हुती. सम्राटनं शब्द दिला, तुझ्यामागं हिला मी न्हेईन, कागद हायच प्रज्ञाच्या नावानं, कोन बघतंय. म्हनून मी हिला तुझ्या नावानं हाक मारायला लागले. सवय व्हावी म्हनून. आठ वर्सं झाली. आता ती प्रज्ञा म्हनलं की वळती. निकिता म्हनलं तर न्हाई वळत.

आपन मानूस म्हनून जगावं म्हनून माझ्या बापानं गावकीची कामं सोडली, बुद्धाला शरन गेला, मार खाल्ला. आन मी माझ्या पोरीचं नाव काढून घेतलं आन तुझंबी. मला माफ करू नको. पन २४ ला हे सांगू नको. तुझा कागद रद्द झाला तर ती कशातच ऱ्हानार न्हाई. मला आन सम्राटला जेलात घालतील आन तिला कुठं तरी टाकतील. तू बोलती, तू कुठंबी तग धरशील. तिला तेवढं तुझं नाव राहू दे.

भागिरथी

---

अहिल्यानगर,
१९ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मी अकरा वेळा वाचलं. पहिल्या सहा वेळा मी ओरडले. छापखान्यातली माणसं बाहेर जाऊन उभी राहिली.

मी सांगणार आहे. सगळं.

मी बोलते म्हणून मला माणूस धरा, असं मी म्हणाले तर ती बोलत नाही म्हणून तिला धरू नका, असाच त्याचा अर्थ होतो. अर्जात मी तीन ठिकाणी लिहिलं होतं की "मी त्या महिलेसारखी नाही." ती तिन्ही वाक्यं मी काल खोडली. तुझी लाज वाटायच्या आधी मला माझीच वाटली.

माझं नाव तिला पुरणार नाही. त्या नावात ती कुठेच नाही. मला ते परत हवं आहे, आणि तिला तिचं हवं. तू येणार नसशील तर मी कोठीचा पत्ता देईन आणि ते येऊन कडी काढतील. त्यापेक्षा तू काढ.

तुझ्यावर माझा राग आहे. तो किती दिवस राहील मला माहीत नाही. तू केस विंचरतेस हे वाचून तो कमी झाला नाही, फक्त वाचायला जड गेलं.

प्रज्ञा

---

घोडेगाव
२६ फेब्रुवारी

प्रज्ञे,

तू कान दाबून निघून गेलीस, त्याच्या आदी-माघारी काय झालं ते तुला समदं ठावं न्हाई, म्हनून लिवते.

आमी दोघी सकाळच्या जीपनं आलो. बावीस वर्सांनी तिनं रस्ता बघितला. माझा पदर दातात धरून बसली हुती. कचेरीत मागल्या बाकावर बसलो. मी ठरवलं हुतं, तोंड उघडायचं न्हाई, नुसतं बसायचं. मग शिपायानं पुकारा केला, प्रज्ञा सहादू भिंगारदिवे. तू पुढं उठलीस. आन माझ्या बाजूला ही उठली.

प्रज्ञे, मी मरंस्तोवर इसरनार न्हाई. एका नावाला दोघी उभ्या. सायेब हिच्याकडं बघतो, तुझ्याकडं बघतो. वकिलाच्या तोंडातलं पानी पळालं. तू माघारी वळून हिला बघितलंस आन ही तुला बघत हुती. ती कुनाकडं बघत न्हाई गं, माझ्याकडंबी न्हाई. तुझ्याकडं बघितलं.

तवा मी उठले आन म्हनलं, सायेब, ही माझी निकिता. अंगठा हिचा हाय आन पाप माझं.

पुढचं तू ऐकलंस. कागद रद्द झाला, तुझी सही आजपास्नं तुझी. तू गेल्यावर सम्राट भिंतीला टेकून रडला. त्याची आन माझी चौकशी व्हनार. त्यानं मला काय दोष दिला न्हाई. म्हनला, "आत्या, मला खरंच वाटलं हुतं मी तिला संभाळतोय." मग त्या कमिटीतल्या राजेश्वरी म्याडम हिच्याजवळ खाली फरशीवर बसल्या. मला म्हनल्या, हिचं नाव कशाकशावर हाय? मी म्हनलं, कशावरच न्हाई.

त्या १२ मार्चला वस्तीवर येनार हायत, कागद करायला. म्हनल्या, न्हेनार न्हाई, भिऊ नका, दिवसा कुनी संगं ऱ्हाईल ते बघू. मी भ्यालेच. कोठीची कडी काढलीय. ती उंबऱ्यावर बसती, बाहेर येत न्हाई. निकिता म्हनून हाक मारते तर वळत न्हाई. आता काय करू, तूच सांग.

आत्या

---

महिला वसतिगृह, अहिल्यानगर,
३ मार्च २०२५

कु. निकिता भागिरथी साळवे यांस,
वस्ती, घोडेगाव, ता. नेवासा

निकिता,

हे पत्र आत्यासाठी नाही. पाकिटावर फक्त तुझं नाव आहे. पोस्टमन ते सायकलवरून उतरून मोठ्यानं वाचेल. तुझ्या नावानं सरकारचा माणूस पहिल्यांदाच येईल. पाकीट तुझं आहे, फाडायचं असलं तर फाड. आत्यानं तुला वाचून दाखवावं असं मी तिला वेगळं लिहिलंय.

तुला वाचता येतं का, ऐकलेलं कळतं का, मला माहीत नाही. फाईलमध्ये लिहिलंय की कळत नाही. पण ते लिहिणारा तुझ्याजवळ दहा मिनिटं होता आणि तुझं नावसुद्धा चुकीचं घेत होता. चुकीच्या नावाला तू वळली नाहीस, तर त्यानं तुलाच चूक ठरवलं.

मला खोली मिळाली. खिडकी पूर्वेला आहे आणि दाराची कडी आतून आहे. त्या दिवशी मी तुझ्याशी न बोलता निघून गेले, कारण पुकाऱ्याचा आवाज माझ्या डोक्यात शिरला होता. तुला घाबरून नाही. पत्र्याजवळून पळाले होते ते मात्र तुलाच घाबरून. त्याबद्दल माफ कर.

आठ वर्षं तू माझ्या नावानं जगलीस. कधीकधी मी ते नाव ऐकलं की मला वाटतं, आता तू कुठेतरी वळली असशील. ही सवय सुटायला आपल्या दोघींनाही वेळ लागेल. घाई करू नकोस. आत्याला सांगितलंय, हाक मारायची, पण वळावंच असा हट्ट धरायचा नाही.

१२ तारखेला राजेश्वरी मॅडम येतील. त्यांच्याकडे शाई असेल आणि एक कोरा अर्ज असेल. तुझा अंगठा कोणी धरणार नाही, असं मी त्यांच्याकडून लिहून घेतलंय. त्या तुझ्याजवळ बसतील आणि तुला तुझं नाव विचारतील. उत्तर द्यायचं की नाही ते तू ठरव. नाही दिलंस तरी ते तुझंच राहील.

प्रज्ञा